राइडपेक्षा रांग जड जाते

प्रश्न: ताई नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत जातो. त्याला सेन्सरी प्रोसेसिंगचा, म्हणजे आवाज, स्पर्श असं काही नीट न झेपण्याचा त्रास आहे असं त्याच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडमनी सांगितलंय, ऑटिझम नाहीये असं डॉक्टर म्हणाले. मिक्सर लावला की तो दुसऱ्या खोलीत पळतो, शर्टाचं लेबल कापूनच टाकावं लागतं, मोज्याची शिवण बोटांवर आली तर बूट घालायलाच अर्धा तास जातो. विसर्जनाच्या दिवशी आम्ही खिडक्या लावून टीव्ही सुरू ठेवून बसतो. आता डिसेंबरच्या सुट्टीत माझ्या नणंदेची मुलं नागपूरहून येणार आहेत आणि सगळ्यांचा इमॅजिका थीम पार्कला जायचा बेत ठरलाय. मुलगा स्वतः रोज विचारतो कधी जायचं. पण गेल्या मे महिन्यात आम्ही एका वॉटर पार्कला गेलो होतो, तिथे तासाभरातच तो जमिनीवर पडून किंचाळायला लागला, लोक जमा झाले, एकाने मोबाइल काढला, आणि तिथल्या एका माणसाने मला सांगितलं की एक ठेवून द्या, गप्प बसेल. मी त्याला उचलून बाहेर आले आणि रिक्षात बसून रडले. सासूबाई म्हणतात की नेलंच नाही तर सवय कशी होणार. नवरा म्हणतो घरी राहू दे त्याला. नेऊ का नको?
एक आई, सिंहगड रोड

उत्तर: ताई, न्या. पण सगळे जातात तसं नेऊ नका, त्याच्या अंगाला झेपेल तसं न्या, आणि त्याची तयारी आजपासून करायची आहे म्हणून उत्तर जरा मोठं होणार आहे.

आधी त्या मे महिन्याबद्दल. तुमचा मुलगा त्या दिवशी हट्ट करत नव्हता. हट्ट करणारं मूल मधूनमधून डोळा उघडून बघतं की आई बघतेय का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. तुमचा मुलगा काही मागतच नव्हता ना? त्याच्या मेंदूत आवाज, ऊन, ओला कपडा, क्लोरीनचा वास, धक्के हे सगळं एकाच वेळी आलं आणि त्यातलं काय बाजूला ठेवायचं ते मेंदूला जमलं नाही. आपण गर्दीत उभे असलो तर मागच्या माणसाच्या खोकल्याकडे आपलं लक्षही जात नाही, आपला मेंदू तो आपोआप गाळून टाकतो. या मुलांचं ते गाळणं नीट चालत नाही, सगळं सारख्याच जोराने आत येतं. अशा वेळी चापट म्हणजे आधीच भरून वाहणाऱ्या भांड्यात अजून एक तांब्या ओतणं. तुम्ही त्याला उचलून बाहेर आणलंत हेच बरोबर केलंत, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका.

सवयीचं म्हणाल तर सासूबाईंचं म्हणणं मला कळतं, कारण एकेकाळी मीही हेच सांगायचे. मी अठरा वर्षं पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एका आईला मी सांगितलं होतं, न्या हो जत्रेत, दोनदा रडेल, तिसऱ्यांदा रमेल. तिने माझ्यावर विश्वास ठेवून नेलं. त्यानंतर वर्षभर ते लेकरू सोसायटीतल्या साध्या झोक्यापाशीही गेलं नाही, लांबून झोका दिसला तरी आईच्या ओढणीत तोंड खुपसायचं. ते तोंड खुपसणं मी अजून विसरलेले नाही. सवय होते, पण ती थोडी थोडी आणि मुलाच्या ताब्यात राहून होते. एकदम लोटून दिलं तर भीतीच बसते.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक आईबाबा मला विचारतात की कुठली राइड चालेल. पण इतक्या वर्षांत मी जे पाहिलंय त्यात मुलं राइडवर कमी कोसळतात आणि रांगेत, टॉयलेटमध्ये, खाण्याच्या काउंटरपाशी जास्त कोसळतात. राइड दोन-तीन मिनिटांची असते, तिला सुरुवात आणि शेवट असतो, वर बांधून बसवलेलं असतं आणि कमरेवरचा तो पट्टा कित्येक मुलांना आवडतो सुद्धा. रांग किती वेळ चालणार ते कुणालाच माहीत नसतं, पुढचा माणूस घामट पाठ लावून उभा असतो, मागच्याची बॅग खांद्याला लागत असते, डोक्यावरच्या स्पीकरवर एकच गाणं परत परत लागत असतं. तुम्ही मे महिन्यातला तो तास आठवून बघा. किती वेळ पाण्यात होता आणि किती वेळ ओल्या कपड्यांत उभा होता?

म्हणून पहिला निर्णय तारखेचा. नणंदबाई येणार आहेत ते खरं, पण नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळा, शनिवार रविवार तर नकोच. शाळा सुरू असताना एखाद्या मंगळवारी बुधवारी जाता आलं तर शाळेचा एक दिवस खुशाल बुडवा, मी तर म्हणेन त्या दिवसाचं पत्र बाईंना आधीच देऊन ठेवा. सुट्टीतच जायचं असेल तर निदान गेट उघडायच्या वेळी दारात हजर राहा, पहिले दोन तास त्यातल्या त्यात शांत असतात.

दुसरं, दोन गाड्या करा. हे मी अगदी आग्रहाने सांगतेय. एका गाडीत नणंदबाई, त्यांची मुलं, आजी-आजोबा, आणि दुसरीत तुम्ही तिघं. म्हणजे तुमच्या मुलाला परत निघायचं झालं तर बाकीच्यांचा दिवस मोडत नाही, आणि दिवस मोडला म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला निघायचा निर्णय पटकन घेता येतो. एकच गाडी असली की आई आणखी अर्धा तास, आणखी एक राइड असं ताणत बसते आणि तिथेच सगळं फिसकटतं.

प्रवासाचाही विचार करा, कारण तो गेटवर पोचेल तेव्हाच अर्धा दमलेला असू शकतो. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे, म्हणजे पुण्याहून जाताना एक्सप्रेसवेवर आधी कामशेतचा बोगदा, मग खंडाळ्याचा बोगदा आणि मग बोरघाटाचा उतार. घाट उतरताना कानात दडे बसतात, आपण गिळतो आणि विसरतो, पण या मुलांना ते कानात कुणीतरी बोट घातल्यासारखं वाटतं आणि काय होतंय ते सांगता येत नाही. घाटाच्या आधी त्याला बाटलीतलं ताक स्ट्रॉने प्यायला द्या किंवा चिक्की चघळायला द्या, चोखण्याने आणि चावण्याने कानही मोकळे होतात आणि जबड्याला जोर लागल्याने मूल शांतही होतं. बोगद्याच्या आधी काचा वर करून सांगा की आता आवाज बदलणार, दहापर्यंत मोजू. पोचल्यावर लगेच आत घुसू नका, पार्किंगमध्ये दहा मिनिटं त्याला चालू द्या, त्याची पाण्याची बाटली असलेली बॅग त्यालाच पाठीवर घेऊ द्या. खांद्यावरचं हे थोडंसं वजन मस्करीचं नाहीये, सांधे आणि स्नायूंना मिळणारा दाब मेंदूला माझं अंग कुठे आहे हे सांगतो, आणि ते नीट कळलं की बाकीचा गोंधळ सोसायला बळ येतं. वजन फार नको, मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आतच.

तिसरं काम नकाशाचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये सेसमी प्लेस म्हणून लहान मुलांचं पार्क आहे, २०१८ मध्ये ऑटिझमसाठी प्रमाणित झालेलं ते जगातलं पहिलं थीम पार्क. तिथे प्रत्येक राइडपाशी एक पाटी असते, त्यावर स्पर्श, चव, आवाज, वास, दृश्य या प्रत्येकाला १ ते १० असे आकडे दिलेले असतात, म्हणजे आईला आत जायच्या आधीच कळतं की इथे आवाज ८ आहे पण अंगाला काही लागत नाही. मला ही कल्पना इतकी आवडली की मी माझ्याकडच्या सगळ्या पालकांना ती घरी करायला लावते. तुम्हीही करा. पार्कचा नकाशा प्रिंट काढा, राइड्सचे व्हिडिओ बघा, आणि मुलाबरोबर बसून स्केचपेनने आकडे घाला. आवाज किती, अंधार आहे का, पाणी उडतं का, गरगर फिरतं का, अचानक काही अंगावर येतं का. तुमच्या घरातला कुणी मामा किंवा काका तिथे जाऊन आला असेल तर त्याला विचारा, त्याला हे सगळं आठवतं.

हे करताना तुमच्या लक्षात येईल की लहान मुलांची म्हणून जी राइड असते ती तुमच्या मुलाला सोपी असेलच असं नाही. अंधारातली डीप स्पेस किंवा भुताखेतांचं सलीमगड यावर तर मी आत्ताच फुली मारायला सांगेन, नायट्रो या रोलर कोस्टरला उंचीची अट आहे त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. पण सीट हलणारी, समोर पडद्यावर पळणारी दृश्यं दाखवणारी जी थिएटरं असतात तिथे पालक फसतात. बसून सिनेमा तर बघायचाय, त्यात काय, असं वाटतं. डोळे सांगतात की आपण जोरात पळतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण फक्त हलतोय, दोघांचं पटत नाही आणि पोटात ढवळतं. वर मान फिरवायला जागा नसते आणि बाहेर पडायला शेवटपर्यंत थांबावं लागतं. तोलाचं अजून एक लक्षात ठेवा, गरगर फिरण्याचा परिणाम लगेच दिसेलच असं नाही. मूल हसत खाली उतरतं आणि तासाभराने साध्या कारणावरून फुटतं. म्हणून फिरणारी राइड एक झाली की मध्ये बरीच जागा सोडा, चालणं, पाणी पिणं, पाठ भिंतीला टेकून बसणं.

व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवा, दुसऱ्या दिवशी हळू आवाजात, मग थोडा मोठा. रिमोट त्याच्या हातात द्या. हे माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे, आवाज कमी करायचं बटण ज्याच्या हातात असतं त्याला आवाजाची भीती कमी वाटते.

मग छोटी तालीम. सारसबागेजवळ पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी आपल्या सगळ्यांच्या लहानपणातली आहे, १९५६ पासूनची. फुलराणी चालू आहे ना याची चौकशी करून एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी तिथे घेऊन जा. पहिल्या दिवशी बसायचंच नाही, फक्त कुंपणापाशी उभं राहून गाडी येते कशी, शिट्टी कधी वाजते हे बघायचं. माझ्याकडचा एक मुलगा पहिल्या दिवशी दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबून उभा होता, आणि गाल त्या लोखंडी कठड्याला टेकवून, कठडा सकाळचा गार होता म्हणून. तीन फेऱ्या तसाच उभा. चौथ्या फेरीला त्याने एक हात खाली घेतला आणि गाडीकडे बोट दाखवलं. आम्ही त्या दिवशी तिथूनच घरी आलो. आईला वाटलं फुकट गेला दिवस, पण पुढच्या आठवड्यात तो डब्यात बसला. तुमच्या मुलाबरोबर तिकिटाच्या रांगेचीही तालीम करा, पुढे किती माणसं आहेत ती मोजायची, एक गेला की एक बोट मिटायचं. कात्रजचं प्राणिसंग्रहालयही चांगलं आहे, मोकळी जागा भरपूर, चालणं भरपूर, फक्त बुधवारी बंद असतं ते लक्षात ठेवा.

आता सामान. कानांवर घालायचे आवाज अडवणारे मफ लहान मुलांच्या मापाचे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते कारखान्यातल्या कामगारांचे असतात, ते ढिले बसतात आणि ढिले बसले की उपयोग शून्य. चांगल्या मफने साधारण २० ते ३० डेसिबल आवाज कमी होतो, म्हणजे बोलणं ऐकू येतं पण धार जाते. घरी मिक्सर लावताना, कुकर होताना घालून सवय करा. पण दिवसभर घालून ठेवू नका, नाहीतर साधा आवाजही नंतर टोचायला लागतो. आणि हे फार कुणी सांगत नाही, जोरात पळणाऱ्या राइडवर मफ काढायला लावतात कारण उडून कुणाला लागू शकतो. ऐन वेळी मफ काढला की मूल हादरतं, म्हणून तिथे काय करायचं ते आधी ठरवा, फोमचे बोळे चालतात का ते घरी बघून ठेवा, नाही चालले तर ती राइड सोडून द्या.

मनगटावर बांधायचा पट्टा, हा एक छोटासा शत्रू आहे. एंट्रीला तो कागदी किंवा प्लास्टिकचा बँड बांधतात, त्याची कडा कातडीला घासते, आणि ज्या मुलाला शर्टाचं लेबल सहन होत नाही त्याचा दिवस गेटवरच संपतो. मी अशी मुलं पाहिली आहेत जी दिवसभर फक्त त्या पट्ट्याशी झगडत होती. आधी फोन करून विचारा की तो बाहीवरनं बांधता येईल का, किंवा मोज्यावरनं घोट्याला, किंवा बॅगेला. शांतपणे कारण सांगितलं तर बरेच जण ऐकतात. तसंच खाण्याचं. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, आणि तुमचा मुलगा ठरावीक चार पदार्थच खात असेल तर उपाशी मूल आणि गर्दी हे गणित जमणार नाही. ओटी मॅडमकडून लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या की याला संवेदनांमुळे खाण्याच्या अडचणी आहेत, आणि जायच्या आधीच पार्कला फोन करून परवानगी विचारा. दही-भाताचा डबा नेता आला तर सगळ्या दिवसाचा भार हलका होतो.

कपडे नवे नकोत, चार-पाच वेळा धुतलेले, मऊ पडलेले. दोन जादा जोड, कारण ओला कपडा अंगाला चिकटलेला ही या मुलांची मोठी तक्रार असते. टॉयलेटला जाताना तुम्ही आधी डोकावून बघा की हात वाळवायचं मशीन आहे का, असेल तर रुमाल घेऊनच आत जा आणि बाहेरच हात पुसा. गर्दीत मूल चुकलं तर म्हणून फोन नंबरचं लॉकेट काही ही मुलं गळ्यात ठेवत नाहीत, तर टी-शर्टच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने पक्क्या मार्करने नंबर लिहा. आणि सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढून ठेवा.

आत गेल्यावर पहिलं काम राइडचं नाही. एक शांत कोपरा शोधायचा, झाडाखालचा बाक, स्पीकरपासून लांब, आणि त्याला दाखवून सांगायचं की ही आपली जागा, तुला नको झालं की माझा हात दोनदा दाब, आपण इथे येऊ. खूण हवी, कारण भरून आलं की या मुलांचे शब्द जातात. आणि त्याने हात दाबला की पाचव्या सेकंदाला निघायचं, रांगेत पुढे दोनच माणसं राहिली असली तरी. एकदा जरी तुम्ही थांब रे आता नंबर आलाच म्हणालात तर त्या खुणेवरचा त्याचा विश्वास जातो.

एवढं करूनही फुटलाच तर बोलणं कमी करा. काय झालं, का रडतोस, असे प्रश्न अजिबात नकोत, प्रश्न म्हणजे आणखी आवाज. सावलीत न्या, पाठ भिंतीकडे, तुम्ही त्याच्या आणि लोकांच्या मध्ये बसा. हात फिरवत गोंजारू नका, हलका स्पर्श या मुलांना मुंग्या चालल्यासारखा लागतो, त्याला चालत असेल तर दोन्ही खांदे तळव्यांनी घट्ट धरा किंवा घट्ट मिठी, आणि नको म्हणून ढकललं तर नुसतं जवळ बसा. लोकांशी बोलायचं काम नवऱ्याकडे द्या, आधीच. एवढंच म्हणायचं, त्याला आवाजाचा त्रास होतो, जरा जागा द्या. कुणी मोबाइल काढला तर पुढे उभं राहायचं. आणि पुढे कुणी चापटीचा सल्ला दिलाच तर त्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही आहात.

किती वेळ थांबायचं हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते, तो खूश असताना निघायचं. तिकीट दिवसभराचं आहे, आपण इतके पैसे भरलेत, हे मनातनं काढून टाका, हे मला माहितीये की अवघड आहे, घरातल्या सगळ्यांचं तिकीट म्हणजे काही थोडे पैसे नव्हेत. पण दोन राइड झाल्या, दही-भात झाला, बाकावर बसून त्याने बाकीच्या मुलांना हात केला, आणि बारा वाजता तो हसत गाडीत बसला, तर त्याच्या डोक्यात पार्क म्हणजे हे राहतं. पुढच्या वेळी तो तीन तास थांबेल. नणंदबाईंची मुलं संध्याकाळी घरी येऊन सगळं सांगतील तेव्हा तो त्यांना आपल्या दोन राइड सांगेल. तुमच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना हे उत्तर आत्ताच वाचायला द्या, गेटवर वाद नको. आणि जाऊन आल्यावर मला नक्की लिहा, कुठल्या दोन राइड झाल्या ते.

प्रश्न: माझा नातू पाच वर्षांचा आहे. सूनबाई त्याला दर आठवड्याला थेरपीला नेते, म्हणते याला सेन्सरीचा प्रॉब्लेम आहे. आमच्या वेळी असली काही नावं नव्हती, मुलं रडायची आणि मोठी व्हायची. हे खरंच काही असतं का हे मला प्रामाणिकपणे सांगा.
एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर: आजोबा, विचारलंत हे फार बरं केलंत. प्रामाणिकपणे सांगते. या विषयाची मांडणी जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टबाईंनी केली, त्यांचं मुख्य पुस्तक १९७२ सालचं. पण सेन्सरी प्रोसेसिंग हा स्वतंत्र आजार मानायचा का यावर डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही. मानसिक आजारांचं जे अमेरिकन वर्गीकरण आपल्याकडेही वापरतात त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत तो वेगळा आजार म्हणून नाही, मात्र आवाज, स्पर्श यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हे ऑटिझमच्या लक्षणांत घातलेलं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये सांगितलं की हे लेबल लावायची घाई करू नका, आधी ऑटिझम, लक्ष न लागणं, चिंता यांची तपासणी करा. म्हणून सूनबाईंना एकच विचारा, मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना दाखवलंय ना.

पण नावावर वाद आहे म्हणजे त्रास खोटा आहे असं नाही. तुमच्या वेळी वाड्यात एखादं तरी मूल असेलच ना, जे नवा सदरा घातला की रडून गोंधळ घालायचं, लग्नात बँड सुरू झाला की माडीवर जाऊन बसायचं, आणि त्याला सगळे हेकट म्हणायचे. तेव्हा माडी होती, अंगण होतं, बँड दोन तासांत निघून जायचा. आता नातवाला सकाळपासून हॉर्न, लिफ्टचा आवाज, मॉलमधलं म्युझिक आहे आणि जाऊन बसायला माडी नाही. तुम्ही त्याला रोज संध्याकाळी बागेत घेऊन जा, माती उकरू द्या, पाण्याची झारी भरून उचलू द्या. सूनबाईंना तेवढीच मदत, आणि थेरपीत आम्ही जे करून घेतो त्यातलं बरंचसं काम झारी उचलण्यातच होतं.

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षांची आहे, ऑटिझम आहे. तिचं बाकीच्यांपेक्षा उलटं आहे, तिला आवाज, झोके, गरगर सगळं जास्तच हवं असतं, थांबतच नाही. फेब्रुवारीत आम्ही फ्लोरिडाला भावाकडे जातोय, डिस्नीला नेऊ. तिला तिथे सगळं आवडेल ना? आणि अपंगत्वाचं कार्ड तिथे चालेल का?
एक बाबा, वाकड

उत्तर: आवडेल, आणि म्हणूनच जास्त सांभाळा. अशा मुलांना पोट भरल्याची खूण उशिरा कळते, तसंच गरगरण्याचंही. तिच्याकडे बघत राहायचं काम तुमचं. कान लाल होणं, चेहरा पांढरा पडणं, हसण्याचा आवाज चढत चढत चिरका होणं, ही दिसली की पुढची राइड नाही, आधी काहीतरी जोराचं काम द्या, बॅगांची ट्रॉली ढकलणं, भिंतीला दोन्ही हातांनी रेटणं, कडक काहीतरी चावून खाणं. आणि ती पळते का? पळणारी असेल तर पाण्याच्या कडेला एक मोठा माणूस फक्त तिच्यासाठी, दुसरं काही काम नको.

कार्डाबद्दल. आपल्या २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, त्यामुळे तिचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, इथे काढलं नसेल तर काढाच. डिस्नीमध्ये मात्र त्यांची वेगळी सोय आहे, डिसॅबिलिटी अॅक्सेस सर्व्हिस, २०१३ पासूनची. २०२४ मध्ये त्यांनी नियम बदलले आणि आता ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासाच्या अडचणींमुळे ज्यांना साध्या रांगेत फार वेळ उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी आहे. जायच्या आधी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या माणसांशी बोलून नोंदणी करावी लागते. तिथे ती रांगेत का थांबू शकत नाही ते नीट सांगा, थांबवलं तर नेमकं काय होतं ते सांगा. मंजूर झालं तरी लगेच आत सोडत नाहीत, परत यायची वेळ देतात, तोवर रांगेबाहेर कुठेही फिरता येतं. त्या वेळात काय करायचं ते ठरवून जा, नाहीतर तिच्या दृष्टीने तीही रांगच.

जमलं तर टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओला मॉर्गन्स वंडरलँड आहे ते बघा, एका वडिलांनी आपल्या मुलीसाठी उभं केलेलं पार्क, २०१० मध्ये उघडलं, अपंग मुलांना तिकीट नाही आणि राइड्स व्हीलचेअरसकट चढता येतील अशा. फ्लोरिडापासून लांब आहे, विमानानेच जावं लागेल, पण तुमच्या भावाला विचारून बघा. आणि विमानतळावर हिरव्या पट्टीवर पिवळ्या सूर्यफुलांची गळ्यात घालायची दोरी मिळते का ते विचारा, न दिसणाऱ्या अडचणी असलेल्यांसाठी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर ती सुरू झाली आणि आता बऱ्याच परदेशी विमानतळांवर फुकट देतात. मुलीने गळ्यात नाही ठेवली तर तुम्ही घाला, चालतं.